दुसऱ्या पाकिटातला इलाज

साक्षी तीन वर्षं दोन महिन्यांची असताना तिच्या तोंडात पहिल्यांदा शब्द अडकला. जानेवारी २०१० मधली सकाळ होती. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आटोपली होती, तिचे आजोबा सेवकराम अंगणात ऊन घेत बसले होते. आईनं दिलेली चहाची कपबशी दोन्ही हातांनी सांभाळत साक्षी त्यांच्यापर्यंत गेली आणि म्हणाली, "आ-आ-आ-आबा, चा."

आदल्या दिवसापर्यंत ही पोरगी तोंड मिटायला तयार नव्हती. कोंबड्यांशी बोलायची, विटांशी बोलायची. त्यामुळे सेवकरामांना वाटलं, नक्कल करून राहिली. त्यांनी हसून कप घेतला. पण संध्याकाळपर्यंत तेच झालं, दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी "मला" म्हणताना तिचे ओठ मिटले ते उघडेचनात. डोळे घट्ट मिटून, मान मागे टाकून ती त्या एका अक्षराशी झुंजत राहिली.

तेव्हा घरातल्या सगळ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग तिच्या बापाकडे.

साक्षीचा बाप लोकेश लहानपणापासून तोतरा होता. शाळेत गुरुजींनी त्याच्या जिभेखाली गोटी ठेवून धडा वाचायला लावला होता. एकदा गोटी गिळल्यावर तो उपाय थांबला. नववीनंतर त्यानं शाळा सोडली आणि तिरोड्याजवळच्या एका राईस मिलमध्ये पोत्यांची तोंडं शिवायच्या मशीनवर लागला. मिलमध्ये इतका आवाज असे की तिथं कोणीच कोणाशी बोलत नसे, सगळं हातवाऱ्यांनी चाले. लोकेशला ते काम आवडायचं. आता एकतीस वर्षांचा झाला होता, तरी दुकानात जाऊन वस्तूचं नाव घेण्यापेक्षा तो वस्तूकडे बोट दाखवायचा. बोलायचा तो फक्त घरी, आणि घरातही सगळ्यात जास्त साक्षीशी, कारण तिला त्याचं अडखळणं काही वेगळं वाटत नव्हतं.

"तुह्याच पासून उचललं तिनं," त्याची आई सुमनबाई त्या संध्याकाळी म्हणाली. रागानं नाही म्हणाली; तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "लेकरू जे आयकते थेच बोलते. काही दिवस तिच्यापुढं बोलू नोको बापू. तिचं सुधरलं का मंग बोल."

लोकेशनं मान हलवली. त्या दिवसापासून तो साक्षीसमोर बोलेनासा झाला.

सुरुवातीला ते कोणाला फारसं जाणवलं नाही. तो सकाळी सातला सायकलवर निघायचा, अंधार पडायच्या सुमारास यायचा. साक्षी धावत आली की तिला उचलायचा, डोक्यावरून हात फिरवायचा, पण तोंड उघडायचा नाही. ती काही विचारायची, तो हसून मान डोलवायचा. महिन्याभरात तिनं त्याला विचारणं कमी केलं.

तोवर घरचे उपाय चालू होते. वेखंड मधात उगाळून जिभेला लावलं. पोपटानं चोच मारलेला पेरू खाऊ घातला. सेवकराम वडिलांच्या खांद्यावर बसून छप्पन्न साली दीक्षेला गेलेले. नवस-सायास त्यांच्या घरात चालत नव्हते. पण शेजारच्या अनुसयाबाई प्रतापगडच्या दर्ग्याला निघाल्या तेव्हा सुमनबाई साक्षीला घेऊन त्यांच्यासोबत गेली. सेवकरामांना कळलं होतं. ते त्या दिवशी मुद्दाम सकाळीच चोरखमारा तलावाच्या पाळीवर जाऊन बसले आणि दुपारी परत आल्यावर नात कुठं आहे हे त्यांनी विचारलं नाही.

कशानंच फरक पडला नाही. म्हणजे पडायचा, चार दिवस पोरगी नीट बोलायची आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. त्यामुळे प्रत्येक उपाय चार दिवस तरी खरा वाटायचा.

जुलैमध्ये अंगणवाडीच्या बाईंनी लोकेशच्या बायकोला, रश्मीला, एक छापील कागद दिला. नागपूरची एक संस्था गोंदियात दर गुरुवारी अडखळणाऱ्या लहान मुलांना तपासणार होती. रश्मी घरी विड्या वळायची. तिनं तेंदूपानांची टोपली बाजूला सारली आणि कागद दोनदा वाचला. पुढच्या गुरुवारी लोकेशनं सुट्टी घेतली. तिघं ऑटोनं तिरोड्याला आणि तिथून पॅसेंजरनं गोंदियाला गेले.

एका गोदामाच्या वर दोन खोल्या होत्या. एका खोलीत सतरंजी आणि खेळणी, दुसऱ्या खोलीत टेबल. तिथं नूतन मॅडम बसल्या होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, आवाज हळू. त्यांनी साक्षीला चिखलाच्या रंगाचा एक रबरी हत्ती दिला आणि अर्धा तास तिच्याशी त्या हत्तीच्या घराबद्दल गप्पा मारल्या. बोलणं टेपवर चढत होतं. मग त्या आईबापाकडे वळल्या.

"घरात आणखी कोणी अडखळतं का?"

रश्मी खाली पाहू लागली. लोकेशनं शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

मॅडमनी लिहून घेतलं. मग समजावून सांगितलं की या वयातल्या पुष्कळ मुलांचं अडखळणं आपोआप जातं, काहींचं राहतं, आणि कोणाचं राहील हे आधी सांगता येत नाही. इलाज दोन आहेत. पहिल्यात आई किंवा बापानं रोज पंधरा मिनिटं मुलाशी खेळत बोलायचं. मूल न अडखळता बोललं की लगेच कौतुक करायचं, आणि कधीतरी, पाच कौतुकांमागे एकदा, शब्द अडकल्याचं हळूच लक्षात आणून द्यायचं. दुसऱ्यात मुलाला काहीच सांगायचं नाही, घरानं बदलायचं. सगळ्यांनी सावकाश बोलायचं, प्रश्न कमी विचारायचे, मध्ये तोडायचं नाही, घाई करायची नाही.

"यातला चांगला कोणता?" रश्मीनं विचारलं.

"तेच पाहायचं आहे. म्हणून चिठ्ठ्या काढतो. अर्ध्या मुलांना हा, अर्ध्यांना तो. मी निवडत नाही, तुम्हीही निवडायचं नाही. चालेल?"

रश्मीनं लोकेशकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. मॅडमनी खाकी पाकीट फोडलं. पहिला इलाज निघाला.

बाहेर बाकावर त्यांच्यानंतरचा नंबर एका म्हाताऱ्या बाईचा होता, देवकाबाईचा. गोंदियाजवळच्या गावातलं शेतकरी घर, नातू अतुल चार वर्षांचा. तो साक्षीपेक्षाही वाईट अडखळायचा, बोलताना पाय आपटायचा. त्यांच्या पाकिटात दुसरा इलाज निघाला.

"आमाले त फक्त हळू बोला म्हनतलन," देवकाबाई बाहेर येऊन रश्मीला म्हणाली. तिची निराशा झालेली दिसत होती. "औषध नाही, काही नाही. याच्यासाठी आली का मी एथवर?"

रश्मीला त्या दिवशी आपलंच नशीब बरं वाटलं.

ती रोज दुपारी हात धुऊन बसायची. मॅडमनी बजावलं होतं की त्या पंधरा मिनिटांत हातात विडी नको, नजर मुलीवर हवी. समोर चित्रांचं पुस्तक किंवा बाहुली. "वा, किती सरळ बोललीस!" हे वाक्य तिला आधी कृत्रिम वाटलं, असं तिच्या घरात कोणी कोणाला म्हणत नसे. हळूहळू जमलं. रात्री जेवणाआधी ती मॅडमनी सांगितल्याप्रमाणे कॅलेंडरमागे दिवसाचा आकडा लिहायची. एक म्हणजे अजिबात अडखळणं नाही, दहा म्हणजे अतिशय. पहिल्या आठवड्यात सात, सात, आठ, सात. दिवाळीच्या सुमारास चार आले. डिसेंबरात तीन. एक दिवस दोन.

दोनच्या दिवशी सुमनबाईनं खीर केली.

जानेवारीत आकडा पाचवर गेला. फेब्रुवारीत सहा. मॅडमनी रश्मीला समोर बसवून ती कशी बोलते ते पाहिलं, चुका सांगितल्या. रश्मीनं चुका सुधारल्या. आकडा सहाच राहिला.

त्याच फेब्रुवारीत एका गुरुवारी गोंदियाच्या त्या बाकावर अतुल शेजारच्या मुलाला बैलाची गोष्ट सांगत होता. लांबलचक, एका दमात. रश्मी ऐकत राहिली. एकही अक्षर अडलं नाही. पाय जमिनीवर शांत होते.

"कवाधरनं?" तिनं देवकाबाईला विचारलं.

"दोन महिने झाले. मह्या घरी आता कोनी जोरानं बोलत नाही पाय. महा पोरगा बैलालेबी हळू हाकते." म्हातारी हसली आणि मग साक्षीकडे पाहून तिला ओशाळल्यासारखं झालं. "तुह्याबी पोरीचं होईन माय."

रश्मी तशीच आत गेली. "मॅडम, आम्हाले थे दुसरं पाकीट द्या."

"देता येत नाही, रश्मीताई."

"कायले नाही? तुमच्या समोर आहे का नाही फरक?"

"अतुलचं कशानं गेलं ते मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "इलाजानं गेलं की जायचंच होतं, हे एका मुलावरून सांगता येत नाही. पहिल्या पाकिटातलीही मुलं सुधारली आहेत. आणखी थोडे दिवस धरा."

रश्मी घरी आली आणि तिनं मॅडमला न सांगता दोन्ही इलाज सुरू केले. सगळ्यांना हळू बोलायला लावलं. सासऱ्यांना प्रश्न विचारू नका म्हणाली, सासूला मध्ये तोडू नका म्हणाली. सेवकराम एवढे सावकाश बोलू लागले की साक्षी वाट पाहून उठून जायची. तीन आठवडे घर पाण्याखाली असल्यासारखं चाललं. आकडा सहा.

चौथ्या गुरुवारी तिला राहवलं नाही, तिनं मॅडमपुढे कबूल केलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी वहीत नोंद केली आणि पेन खाली ठेवून विचारलं, "घरात सगळे हळू बोलतात म्हणता. साक्षीचे बाबा कसे बोलतात?"

रश्मीनं आधी शेजारच्या खोलीत खेळणाऱ्या साक्षीकडे पाहिलं. मग म्हणाली, "थे नाही बोलत. वर्ष होऊन गेलं. तिनं त्यांचं उचलू नये म्हनून."

"तिच्याशी एक शब्दही नाही?"

"साक्षी मले इचारते, बाबा मह्यावर रागावला का."

मॅडमनी पुढच्या गुरुवारी लोकेशला बोलावून घेतलं. तो आला, दाराजवळच्या खुर्चीवर बसला. मॅडम त्याला म्हणाल्या की अडखळणं हा सर्दीसारखा संसर्ग नव्हे. ऐकून लागत नाही. घराण्यात चालतं, रक्तातून येऊ शकतं, पण बोलण्यातून नाही. तुम्ही बोललात म्हणून तिला झालं नाही आणि गप्प राहिल्यानं जाणार नाही. आजच घरी जाऊन बोला.

आतापर्यंत आपल्या जिभेतून लागलं असं त्याला वाटत होतं. आता आपल्या रक्तातून गेलं असं कळलं. जिभेला निदान आवर घालता आला होता.

त्या संध्याकाळी तो सायकल लावून साक्षीसमोर उकिडवा बसला. ती पाटीवर रेघोट्या ओढत होती. वर्षभर तिच्यासमोर न काढलेला आवाज घशातून निघताना त्याला नेहमीपेक्षा जास्त त्रास झाला. गळ्याच्या शिरा फुगल्या.

"क-क-क-काय का-काढलं?"

साक्षीनं वर पाहिलं. क्षणभर ती घाबरली, मग तिचा चेहरा उजळला. "बाबा बो-बो-बोलला!" ती आजीकडे धावली. "आजी, बाबा बो-बोलला!"

पुढचा आठवडा बापलेक दोघंही बोलत होते. जेवताना, अंगणात, सायकलच्या दांडीवर. रश्मीला तो आठवडा फार चांगला वाटला. पण आकडे खरे लिहायचे होते. तिनं लिहिलं: सात, आठ, सात, आठ, आठ.

सुमनबाई कॅलेंडर वाचू शकत नव्हती, तरी तिला कळलं. "मी सांगतली होती," एवढंच म्हणाली.

गुरुवारी लोकेश पुन्हा मॅडमसमोर बसला. मॅडमनी आकडे पाहिले. आकडे असेच वर-खाली होतात, म्हणाल्या. आधीही झाले होते, तेव्हा तर तुम्ही बोलत नव्हता. पोरगी आनंदानं जास्त बोलली असेल, म्हणून जास्त अडखळली असेल. किंवा काहीच संबंध नसेल.

"मं-मंग मी बो-बोलू का नो-नोको?" लोकेशनं विचारलं. त्या खोलीत तो पहिल्यांदाच बोलत होता.

"बोला. नक्की बोला."

"त्यानं वा-वाढलं नाही हे प-पक्कं?"

"मला खात्री आहे. पण साक्षीपुरतं सिद्ध करून दाखवता येणार नाही. एका मुलावरून काहीच कळत नाही, लोकेशभाऊ. म्हणून तर इतकी मुलं घेतली आहेत."

लोकेश बराच वेळ एका अक्षरावर अडला. मॅडम थांबल्या, त्यांनी शब्द पुरा केला नाही.

"प-प-पन म-मले त एकच पो-पोरगी आहे."

मॅडमनी साक्षीचा कागद हातात घेतला आणि उगाचच परत ठेवला.

त्यानंतर लोकेश ना पुरता बोलायचा, ना पुरता गप्प राहायचा. आकडा खाली असला की चार वाक्यं बोलायचा, वर गेला की मिलची दगदग झाल्याचं दाखवून लवकर झोपायचा. मॅडमचं म्हणणं त्याला पटलं होतं. पण साक्षीचे डोळे अक्षरावर मिटले की पटलेलं सगळं निघून जायचं.

२०१२ च्या मार्चमध्ये मॅडमनी सगळ्या आईबापांना एकत्र बोलावलं. खोली पुरली नाही, काही जण जिन्यावर बसले. मॅडमनी सोप्या शब्दांत सांगितलं की दीड वर्षानंतर दोन्ही पाकिटांतली मुलं तपासली. दोन्हींकडे दहातली साधारण सात मुलं नीट बोलायला लागली. दोन इलाजांमध्ये सांगण्यासारखा फरक निघाला नाही. दोन्ही सारखेच.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी पेढे आणले होते. देवकाबाईनं रश्मीच्या हातावर पेढा ठेवला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

सगळे गेल्यावर रश्मी मागे थांबली. "म्हंजे थे दुसरं पाकीट आलं असतं तरीबी..."

"कदाचित असंच राहिलं असतं. कदाचित नाही. मला माहीत नाही, रश्मीताई."

"मह्या करण्यात काही चुकलं का?"

"नाही."

"यांच्या बोलण्यानं?"

"नाही."

"मंग?"

आपण पुढेही महिन्यातून एकदा येत राहू, मोठ्या मुलांसाठी वेगळ्या पद्धती आहेत, असं मॅडम म्हणाल्या. पण पावसाळ्यानंतर संस्थेचं गोंदियाचं काम संपलं आणि मॅडम नागपूरला गेल्या. जाताना त्यांनी फोन नंबर दिला. रश्मीनं दोनदा फोन केला, मॅडम दोन्ही वेळा नीट बोलल्या. नागपूरला दर आठवड्याला पोरीला घेऊन जाणं या घराला शक्य नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं, म्हणून तिसऱ्यांदा तिनं केला नाही.

जून २०१३ मध्ये साक्षी पहिलीत गेली. रश्मीला ताप होता, म्हणून लोकेश तिला शाळेत घेऊन गेला. कागद प्लास्टिकच्या पिशवीत होते. गुरुजी नवे होते, बुलढाण्याकडून बदलून आलेले, हसतमुख. कागद मागण्याआधी ते साक्षीकडे वाकले.

"नाव काय गं बाळा तुझं?"

साक्षीनं तोंड उघडलं. "सा-सा..." मग आवाजच बंद झाला. डोळे मिटले, हनुवटी थरथरू लागली. मागे आलेली पोरं पाहू लागली. लोकेशचे ओठ तिच्यासोबत त्याच अक्षरावर आले आणि तिथंच अडकले. दोघंही गुरुजींसमोर तोंड उघडं ठेवून उभे राहिले.

"सारिका?" गुरुजींनी मदत म्हणून विचारलं. "सायली?"

साक्षीनं झटकन मान हलवली. हो.

"सायली! छान नाव आहे." गुरुजी लिहायला लागले.

लोकेशनं पिशवीतून जन्माचा दाखला काढून त्यांच्या वहीवर ठेवला. गुरुजींनी वाचलं, खोडलं, हसले. "साक्षी आहे की गं! मग मान कशाला हलवलीस?" त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. मागची दोन-तीन पोरंही हसली. साक्षीसुद्धा हसली. सहा वर्षांच्या पोरीनं असं समजूतदार हसू चेहऱ्यावर आणलेलं पाहून लोकेशनं नजर वळवली.

दुपारी तो तिला आणायला गेला. दोघं कालव्याच्या कडेनं पायी निघाले. धानाच्या बांध्यांत रोपांसाठी पऱ्हे टाकायची तयारी चालली होती.

"बाबा, मो-मो-मोठी झाली का जाईन हे?"

मॅडमनी सांगितलेलं त्याला आठवत होतं: या वयापर्यंत राहिलं तर बहुतेक राहतं. आणि स्वतःचं तर माहीतच होतं.

"मा-माहीत नाही," तो म्हणाला.

ती थोडं चालली. "वर्गात एक पो-पोरगी आहे. तिच्या ड-ड-ड-" शब्द आला नाही. लोकेश थांबला, तिच्याकडे पाहत राहिला, वाट पाहिली. डब्यात काहीतरी होतं, किंवा डोक्यावर. त्याला कळलं नाही. साक्षीनं आणखी दोनदा प्रयत्न केला.

"काही नाही," ती म्हणाली. हे दोन शब्द अगदी सरळ निघाले.

लोकेशनं ते दोन शब्द उभ्या आयुष्यात इतक्या वेळा वापरले होते की त्यांचा अर्थ त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. "सांग ना," त्याला म्हणायचं होतं. "मी थांबतो." पण तोवर ती दप्तर हलवत पुढे पळाली होती आणि त्याचे ओठ अजून पहिल्याच अक्षरावर होते.